दोन अक्षरं पुढे

बाबांना मद्रासजवळ एन्नोरला नोकरी लागली तेव्हा आई साताऱ्यात सासरी होती. पोस्टकार्ड आलं की आधी सगळं घर वाचायचं, म्हणून बाबा शेवटची ओळ गुपित लिहीत: प्रत्येक व्यंजन दोन अक्षरं पुढे, काना-मात्रा जागच्या जागी. आई ती बोटांवर मोजून सोडवायची. एकच कार्ड राहून गेलं. ते साताऱ्याला पोचलं तेव्हा ती मद्रासच्या गाडीत होती. आजीने ते मागाहून पाठवलं. "माणूस समोर असताना पत्र कोण सोडवत बसतं?" आई म्हणते. पुढची चाळीस वर्षं मात्र ती बाबांना ऐकवत राहिली, "तुमच्यासाठी सातारा सोडला मी." बाबा हसून पेपर उघडायचे.

बाबा गेले. आईला आता डोळ्यांनी फारसं दिसत नाही. गेल्या महिन्यात तिने ते कार्ड माझ्या हातात दिलं. "बघ, ह्यांनी काय लिहिलंय."

बोटांवर मोजायचं सोडून मी शहाणपणा केला. अड्यारच्या ऑफिसात पोटासाठी प्रोग्राम लिहिते, त्यात हा तर दहा ओळींचा! मोठ्या ऐटीत चालवला आणि बाहेर पडलं ते ना मराठी, ना कुठलंच. तीनदा तपासलं. शेवटी वैतागून खापर बाबांवर फोडलं: तेच मोजताना चुकले असणार.

शेजारच्या टेबलावरची मैत्रीण तमिळ, शाळेत हौसेने हिंदी शिकलेली. डबा खाता खाता तिने स्क्रीनवर बोट ठेवलं. "हा खाली टिंबवाला 'ऴ' तुमचा नाही, आमचा आहे. 'तमिऴ'मधला."

मी कपाळावर हात मारला. कॉम्प्युटरच्या देवनागरीत तमिळसारख्या भाषांसाठी जादा अक्षरं मध्येच बसवलेली असतात, आणि मी त्याच यादीवर मोजत होते. बाबांनी शाळेतली मुळाक्षरं मोजली होती: शेवटी ह, ळ, की परत क. ती यादी मी हाताने टाईप केली. चूक बाबांची नव्हतीच. मैत्रिणीचे उपकार कसे फेडू म्हटलं, तर तिने माझी शेंगदाण्याची चटणी संपवली. फार बरं वाटलं मला.

संध्याकाळी अण्णा नगरला घरी आले आणि आईजवळ बसून ओळ वाचली.

"तू नाही आलीस तरी चालेल. नोकरी सोडून मीच येतो."

आई पदराने डोळे पुसत भिंतीवरच्या बाबांकडे वळली.

"तेव्हाच सांगायचं की हो! पेपर कसले उघडत बसलात?"