दुसरी प्रत

आमच्या चर्चच्या वाचनालयातल्या पुस्तकांची यादी मी सध्या कॉम्प्युटरवर चढवते. प्रोग्राम फुकटचा, कॉम्प्युटर कुणीतरी दिलेला, आणि मीही फुकटचीच. काल एका जाडजूड प्रवासवर्णनाचं नाव टाइप केलं, तर पडद्यावर आलं, ही नोंद आधीच आहे.

"मावशी, तुमच्यापेक्षा याच्या बरं लक्षात राहतं," आमच्या पाद्रींच्या पत्नी, पाळकीणबाई, हसल्या. "दुसरी प्रत रद्दीत टाका. जागा कुठंय?"

दोन्ही प्रती हे गेल्यावर मीच दिलेल्या. मी वाचायला लग्नानंतर शिकले, अक्षराखाली बोट ठेवून. शेजारी बसून एकच पान वाचता यावं म्हणून यांनी दोन प्रती आणल्या. यांचं पान आधी संपायचं. मग माझं होईपर्यंत समासात पेन्सिलीनं रेघोट्या मारत बसायचे. आता मी भराभर वाचते, पण "झालं का गं?" असं कुणी विचारत नाही. यादीत पुस्तकाचं सगळं लिहिता येतं. कुणी कुणासाठी थांबलं होतं, ते कुठल्या रकान्यात लिहायचं?

मी रेघोट्या दाखवल्या. पाळकीणबाईंनी बरीच पानं उलटली. "नवा नंबर द्या याला," म्हणाल्या.

दिला. दोन्ही प्रती कपाटात शेजारी लावल्या. घरी येताना मनात आलं, उद्या कुणी वाचायला नेलं तर एकच नेईल. एकट्याला दोन कशाला लागतात?