ओढायचा जोड

वडिलांनी अमळनेरचा धंदा आवरला. मला भाऊ नाही, म्हणून त्यांची जुनी पिकअप माझ्या मागोमाग शिरपूरकडच्या खेड्यात सासरी आली. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. गाडी सपाट डांबरीवर वाढलेली, आणि आमचा केळीचा मळा नाल्याच्या काठाला. वर रस्त्याला यायचं तर आधी वाळू, मग उभी चढण. भरली गाडी तिथं हमखास बंद पडायची. मग सासऱ्यांची, म्हणजे आबांची बैलजोडी तिला ओढून काढायची आणि गाव बांधावर उभं राहून म्हणायचं, "माहेरनी गाडी शे ना!" असा संताप यायचा म्हणून सांगू! बोल गाडीला, अन् लागायचा माझ्या बापाला.

शेवटी एकदा चढणीवर मागच्या आसातले दातेच तुटले. आबांनी सांगून टाकलं, "नीट करा. पण पुन्हा एकदा जरी बैल लागले, तर गाडी विकायची."

मी नवऱ्याबरोबर धुळ्याला गेलेच. दुकानदाराने क्राऊन-पिनियनचे, म्हणजे आसातल्या मोठ्या-लहान दातेरी चाकांचे, दोन जोड पुढे ठेवले. "पळायचा देऊ, का ओढायचा?" पळायच्यात लहान चाकाला दाते जास्त, गाडी रस्त्यावर सुसाट जाते, चढणीला मरते. ओढायच्यात दाते कमी. वेग जातो, जोर येतो. आमच्या गाडीत पहिल्यापासून पळायचाच होता, आणि ह्यांचा हात पुन्हा तिकडेच गेला.

"अगं, त्या ओढायच्या जोडाने एसटीसुद्धा मला मागे टाकेल!"

"टाकू द्या," मी म्हटलं. "तिला पळून जायचं नाहीये, सासरी नांदायचंय. ओढायचा द्या, भाऊ."

दुकानदार पोट धरून हसला. हे शिरपूर येईपर्यंत तोंड फुगवून बसले. बसेनात का! माझं बरोबर होतं.

केळी कापायच्या दिवशी बघते तर आबांनी गाडी ओढायला बैल आधीच जुंपून ठेवलेले. माझं डोकंच फिरलं. गाडी भरली, ह्यांनी पहिला गियर टाकला. गाडी निघाली, पण इतकी हळू की डोक्यावर चारा घेतलेली एक म्हातारी तिच्या पुढे गेली. वाळूत चाकं दबली तेव्हा जीव टांगणीला लागला. इंजिन गुरगुरत राहिलं, बंद मात्र पडलं नाही. गाडी रस्त्याला लागली आणि मी गावासमोर ओरडले, "आली की नाही!" सुनेनं असं ओरडायचं नसतं. ओरडले.

आबांनी बैल सोडले आणि गड्यांना म्हणाले, "आते बठ्ठा माल गाडीमाच भरा." म्हणजे यापुढे सगळा माल गाडीतच! मग दार उघडून स्वतःच पुढे जाऊन बसले. सासऱ्याशेजारी सुनेनं बसायची आमच्यात रीत नाही, म्हणून मी मागे केळीच्या घडांवर चढले. गाडी राहिली, पण ह्यांच्या शेजारची माझी पुढची जागा गेली ती गेलीच.