टीव्हीवाले अप्पा आणि सुधाचं वायफाय

टीव्हीवाले अप्पा बिघडलेल्या यंत्राला लगेच हात लावत नसत. आधी घरातल्या सगळ्यांना बोलावून विचारायचे, "शेवटी हात कुणाचा लागला? खरं सांगा. मी काय पोलीस न्हाई."

आमच्या करजगी गावात ते आधी टीव्ही दुरुस्त करायचे, मग मोबाईल, लॅपटॉप. माझ्या लेकीच्या, सुधाच्या जुन्या लॅपटॉपवर नेहमीचं विंडोज नव्हतं, लिनक्स होतं. अफजलपूरचे दुकानदार ते बघूनच मशीन परत द्यायचे. अप्पा म्हणायचे, "मला बी येत न्हाई. पर वाचून बघायला काय जातंय?" आणि एकेक ओळ बोट ठेवून वाचत बसायचे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता सुधाची नोकरीची मुलाखत होती, लॅपटॉपवरच काम करून दाखवायची. नोकरी लागली नाही तर दिवाळीनंतर लग्न, असं तिच्या वडिलांनी ठरवलं होतं. खंडेनवमीला पूजेत मांडलेला लॅपटॉप दसरा होईपर्यंत कुणी हलवला नाही. मुलाखतीच्या सकाळी सुधानं उघडला, तर वायफाय दिसेना. फोनला येत होतं, लॅपटॉपला नाही.

अप्पा धावत आले. नेहमीचा प्रश्न विचारला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. पूजेआधी मीच लॅपटॉप ओल्या फडक्यानं पुसला होता, कडेला विभूती लावली होती. पण तोंड उघडलं नाही. चौथी शिकलेली बाई, यंत्रातलं काय बोलणार?

अप्पांनी ड्रायव्हर बघितला, मशीन दोनदा बंद करून चालू केलं. फोनवरचं नेट लॅपटॉपला द्यायला वायर जोडली, ती नुसती चार्जिंगची निघाली. अकरा वाजून गेले.

"कामून लागेना, अप्पा? काय तर करा की!" सुधा रडायला लागली.

शेवटी काळ्या पडद्यावरची एक ओळ वाचून ते म्हणाले, "आतलं समदं ठीक हाय. बाहेरनं बटण बंद झालंय." त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला. वाळलेल्या विभूतीखाली बारीक बटण होतं. नखानं सरकवलं. वायफाय आलं. मुलाखत घेणारी पलीकडची माणसं कधीच उठून गेली होती.

"अप्पा, ते मी..." मी दारातून पुढं झाले.

त्यांनी मला पुढं बोलूच दिलं नाही. "बटण ढिलं झालंय, सुधा. आपोआप सरकतंय. कुणाचा दोष न्हाई."

चपला घालताना मात्र हळूच म्हणाले, "अक्का, पुढच्या साली बी पूजा करा. पर कोरड्या फडक्यानं."

पौषात अप्पा गेले. त्याआधीच सुधाचं लग्न झालं होतं. फोनवर ती कधी कधी म्हणते, "अव्वा, त्या दिवशी ते बटण सरकलं नसतं तर?"

मी विचारते, "जेवलीस का?"