उंबरांना बेशरमाचे कुंपण

आमच्या गावाखालच्या ओढ्यात एक डोह आहे. उन्हाळ्यात गावची गुरे-मेंढरे तिथेच पाणी पितात. बेशरमाने तो दोन्ही काठांनी गिळत आणला होता. ही वनस्पती इथली नव्हे. तिला जनावर तोंड लावत नाही, आणि तुटलेली कांडी ओल्या मातीला टेकली की मूळ धरते. आणखी दोन-तीन वर्षांत डोहाच्या जागी केवळ चिखल उरला असता.

गेल्या दिवाळीनंतर आम्ही चार म्हातारे कुदळी घेऊन उतरलो. तरुणांनी फोटो काढले आणि ते सेनगावला निघून गेले. होळीपर्यंत आम्ही खणत होतो. उपटलेले सारे खडकावर वाळवून जाळायचे, असा नियम मी घातला. पावसाळ्यात मोकळ्या काठावर उंबराची आणि जांभळाची तीस रोपे लावली, पाण्यालगत वाळा.

आठवड्याच्या आत सात रोपांचे शेंडे शेळ्यांनी खाल्ले. शेळ्या गावातल्या एकाच मेंढपाळाच्या. मी त्याला पारावर चार लोकांत बोललो. पुन्हा एक पान गेले तर तुझ्या शेळ्या डोहावर पाणी पिणार नाहीत, असे बजावले. तसा अधिकार मला नव्हता. त्याने खाली मान घालून ऐकले.

त्यानंतर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी मी नांदेडला मुलीकडे गेलो. डॉक्टरांनी धूळ आणि ऊन वर्ज्य केल्याने महिना-दीड महिना तिथेच गेला. परतल्यावर दुसऱ्याच सकाळी डोह गाठला. प्रत्येक रोपाभोवती कांड्यांचे गोल कुंपण होते, सुतळीने नीट बांधलेले. प्रत्येक कांडीला पाने फुटली होती. काहींना फिकट गुलाबी फुलेही आली होती. सगळे बेशरम.

मेंढपाळ समोरून शेळ्या घेऊन आला. चेहरा प्रसन्न.

"काका, बघा. एका बी शेळीनं तोंड लावलं न्हाई."

मी विचारले, "हे कुठून आणलंस?"

"वरच्या अंगाला लई हाय की. तुमी काढून राहिलते तेच."

"मग आम्ही ते काहून काढत होतो?"

तो म्हणाला, "मला वाटलं, चुलीला लागत असंल."

नियम आम्हा चौघांनाच ठाऊक होता, आणि मी नसताना बाकीचे तिघे डोहाकडे फिरकले नव्हते. त्याला मी फक्त दम दिला होता. हे तिथे उभ्या उभ्या ध्यानात आले. तरी माझा राग कमी झाला नाही. तीसही रोपे जिवंत होती, तेही मान्य करणे भाग होते.

हे सगळे उपटावे लागेल, असे मी सांगितले. तो म्हणाला, "काढतो मी. पण मंग शेळ्याईला काय सांगू?"

बाभळीच्या वाळल्या काट्या आण, म्हटले. दुपारपर्यंत त्याने दोन भारे आणून टाकले. बेशरम काढण्यात आम्हा दोघांचे आठ दिवस गेले. कांड्यांसोबत पाच उंबरही उपटून आले. ते त्याने पुन्हा लावले. दोन जगले.

चार रोपांची मुळे बेशरमात इतकी गुंतली आहेत की खणले तर रोपच जाईल. तिथला बेशरम जमिनीलगत कापावा लागतो. आठ दिवसांत तो वीतभर वर येतो. मी सकाळी कापतो. दुपारी मेंढपाळ पाण्यावर येतो आणि माझ्याकडून राहिलेले कोंब मोजून संध्याकाळी पारावर सांगतो, चार लोकांत. काल तीन होते.