सूनबाई म्होरं
हळदीचा वास आला की मला सांगलीतलं माझं माडीवरचं ऑफिस आठवतं. खालीच हळदीची वखार होती. नव्वदच्या दशकात मी तिथं बसून परदेशात कायमचं राहायला जाऊ इच्छिणाऱ्यांना सल्ला द्यायचो. एकदा रहिमतपूरचे एक गृहस्थ मुलाला आणि सुनेला घेऊन आले. मुलाला कॅनडात स्थायिक व्हायचं होतं. कॅनडाच्या नियमाप्रमाणे त्याचं शिक्षण, नोकरी, इंग्रजी, सगळ्याचे गुण मी मांडून पाहिले, पण प्रवेशासाठी ते कमीच पडले. तो मान खाली घालून उठायला लागला, तेवढ्यात मी सुनेला विचारलं, “तुम्ही काय करता?” “मिरजेला फिजिओथेरपिस्ट आहे,” ती हळूच म्हणाली. मी घाईघाईनं तिचे गुण मांडले. ती सहज पात्र ठरत होती, आणि तिच्याबरोबर नवऱ्यालाही जाता येणार होतं! फक्त मुख्य अर्जदार ती असणार, हे सांगताना मी सासऱ्यांकडे जरा भीतभीतच पाहिलं. त्यांनी मांडीवर थाप मारली. “आवं, मग करा की! सूनबाई म्होरं, आमचं पोरगं मागनं!” पुढं व्हिसा आला त्या दिवशी ते जिन्यातूनच ओरडत वर आले, “सायेब, सूनबाईनं कॅनडा जिकला!” वखारीतले हमालसुद्धा काम थांबवून वर बघायला लागले. आजही नवरा-बायको समोर येऊन बसले, की माझा पहिला प्रश्न बायकोला असतो.