हव म्हणणाऱ्याचं दुखणं

सोनिया सिस्टरचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो वॉर्डातल्या पडद्यामागून, अन् तोही भांडतानाच.

"सर, दुखण्याची सुई आत्ता वाढवू नका."

"अहो, पेशंट स्वतः सांगून राहिला, दुखते म्हणून!" हे तरुण डॉक्टर निरंजन.

"ते तं काहीही विचारा, हवच म्हणतात."

पेशंट म्हणजे आमचे हे, गुलाबराव. आमच्या बूढापारा मोहल्ल्यात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, आदल्या दिवशीच ऑपरेशन झालेलं. जन्म रायपूरचा. साहेबलोकांपुढे 'हव', म्हणजे 'हो', याशिवाय शब्द नाही. बाकीचे सगळे शब्द बायकोसाठी.

मी पडदा सारून आत गेले. सिस्टर वाकली. "बाबूजी, दुखते?"

"हव."

"आराम आहे?"

"हव."

"डॉक्टरसाहेब काल नाचले?"

"हव..." म्हणता म्हणता यांचे डोळे मिटले.

मले हसू फुटलं. सिस्टर मात्र हसली नाही. घड्याळ धरून मिनिटभर यांच्या छातीकडे पाहत राहिली.

"श्वास नऊच आहेत, सर. हे औषध दुखणं झोपवते. जास्त झालं तं श्वासालेही झोपवते."

माझं हसू जागच्या जागी वाळलं. डॉक्टरनं लगेच औषध थांबवलं, नाकाले ऑक्सिजन लावला, अन् दोघं भांडण विसरून खाटेजवळच उभे राहिले. तासाभरानं यांनी डोळे उघडले.

"काहून जमले सारे? चहा आला का?"

मी रडले अन् वरून रागावले, दोन्ही एकदमच.

पण सिस्टरनं मग यांना दुखत ठेवलं असंही नाही. तोंडाचं ऐकायचं सोडून ती कपाळ पाहायची. कूस वळवताना आठी पडली की डॉक्टरले विचारून थोडीशीच मात्रा, चालायच्या अर्धा तास आधी. तिसऱ्या दिवशी हे खिडकीपर्यंत गेले, अन् अख्ख्या वॉर्डाले चहा पाजायची ऑर्डर मलेच दिली.

यंदा सोनिया सिस्टर रिटायर झाली. शेवटच्या दिवशी मी तात्यापाऱ्यातल्या दुकानातून चिवडा घेऊन वॉर्डात गेले. गळ्यात हार, पुढे केक, पोरी फोटो काढून राहिल्या.

"मावशी, दोन मिनिटं हं," म्हणून ही चार नंबरच्या खाटेकडे. तिथल्या बाईचं पोटाचं ऑपरेशन झालेलं. सिस्टरनं तिच्या पोटावर उशी धरली, छाती मोकळी व्हावी म्हणून खोकायला लावलं. बाई अर्ध्यातच थांबली, ओठ चावला.

"डॉक्टरसाहेब, हिले दुखण्याचं औषध कमी पडून राहिलं. थोडं वाढवा," सिस्टरनं तिथूनच हाक मारली, अन् हार पाठीमागे टाकून कागदावर लिहायला लागली.