घरघंटी आणि बाबांची कोडी

बिघडलेल्या कॉम्प्युटरवर फोनवरून उपचार करणं हे माझं काम. ऑफिसातली माणसं घाबरून फोन करतात, मी त्यांना मशीन बंद करा, दहा मिनिटं थांबा आणि परत चालू करा असं शांत आवाजात सांगते, आणि बहुतेक वेळा ते चालू होतं. यात माझी हुशारी किती आणि त्या दहा मिनिटांची किती, हे मी कधी तपासलं नाही. आपली मूठ झाकलेलीच बरी.

सासर कांदिवलीला, माहेर मुलुंडला. मुलुंडच्या घरी, बंद करून घेतलेल्या गॅलरीत, बाबांचा कॉम्प्युटर आहे. माझ्या लग्नाच्याही आधीचा. त्याच्या सीपीयूच्या डब्याला अगदी खेटून आईची दळणाची घरघंटी, कारण गॅलरीत जागा तेवढीच आणि प्लगची सोयही तिथेच. दोघांच्या वस्तू वर्षानुवर्षं शेजारी नांदत होत्या आणि आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

बाबा त्या कॉम्प्युटरवर शब्दकोडी तयार करायचे. रिटायर झाल्यावर त्यांना पॅरालिसिसचा हलका झटका आला आणि उजवा हात अर्धवटच शुद्धीवर आला. डोकं चालतं ठेवा, असं डॉक्टर म्हणाले. बाबांनी ते शब्दशः घेतलं. डाव्या हाताच्या एका बोटाने टाइप करत ते दोन दिवसांत एक कोडं पुरं करत. अशी तीनशेच्या वर झाली होती. येत्या दिवाळीला त्यांचं पुस्तक छापून बागेतल्या कट्ट्यावरच्या मित्रांना वाटायचं त्यांच्या मनात होतं. आजारपणानंतर त्यांनी स्वतःहून ठरवलेली ही पहिली गोष्ट होती.

प्रत्येक कोड्याची प्रिंटरवर एक प्रत काढून ते सकाळी आईच्या चहाच्या कपाशेजारी ठेवत. आई म्हणायची, बघते नंतर. पुढे तो कागद घरघंटीखाली पीठ सांडू नये म्हणून अंथरलेला दिसायचा. बाबांना ते लागायचं. मला एकदा म्हणाले होते की, तुझ्या आईला माझ्या कोड्यांचा उपयोग कळला, माझ्यापेक्षा जास्त.

गेल्या वर्षी कॉम्प्युटर हँग व्हायला लागला. बाबांचा फोन यायचा की बाण हलत नाही, बटणं दाबून उपयोग नाही. मागून घरघंटीचा एवढा आवाज यायचा की मला अर्धं ऐकूच येत नसे. मी ओरडायचे, बाबा, आधी आईला ती बंद करायला सांगा. घंटी बंद व्हायची. मग मी नेहमीचं सांगायचे, बंद करा, दहा मिनिटं थांबा. दहा मिनिटांनी कॉम्प्युटर सुतासारखा सरळ. बाबा खूश, मी खूश. मुलुंडपर्यंत न जाता मी आजार बरा करते, हे मी नवऱ्यालाही दोन-तीनदा ऐकवून घेतलं.

आई मध्येच म्हणायची, अगं, दळण लावलं की तो बंद पडतो. मी तिला समजावलं की कॉम्प्युटरला तुझ्या गव्हाशी काही देणंघेणं नाही.

आणि रविवारी जाऊन बघावं तर काहीच बिघाड नसे. याचं कारण आता सांगताना लाज वाटते. माहेरवाशीण यायची म्हणून आई शनिवारीच ज्वारी दळून ठेवायची. लेक चार घास खायला येते, तिच्या डोक्याशी घरघर कशाला, हा तिचा नियम. त्यामुळे मी असताना घंटी कधी चालली नाही, आणि कॉम्प्युटर माझ्यासमोर कधी अडकला नाही. मी एका रविवारी डबा उघडून आतली धूळ काढली. धूळ पांढरी होती. भिंतीचा चुना असेल म्हणून मी फुंकर मारली आणि भाकरी खायला बसले.

त्याच दिवशी बाबा म्हणाले होते, सगळ्या कोड्यांची एक कॉपी दुसरीकडे ठेवून दे. मी म्हटलं, पुढच्या रविवारी नक्की. नंतर बाबांना दुसऱ्यांदा अॅडमिट करावं लागलं, ते घरी आले, पुढचे रविवार आले आणि गेले, आणि कॉपीचं राहून गेलं.

मग या जुलैत एका बुधवारी मला सुट्टी होती आणि मी न कळवता मुलुंडला गेले. गॅलरीत घंटी चालू होती आणि बाबा गोठलेल्या पडद्यासमोर हात बांधून बसले होते. मी डब्यावर हात ठेवला. डबा थरथरत होता.

घंटी बंद करून मी कान लावला. आतून टिक्‌टिक् ऐकू येत होती. जुन्या हार्ड डिस्कमध्ये एक तबकडी गरगर फिरते आणि तिच्यावर केसाएवढ्या अंतराने एक सुई वाचत जाते. त्या सुईला आम्ही आठवड्यातून तीनदा हादरे दिले होते. डिस्क काढून मी माझ्या लॅपटॉपला जोडली आणि संध्याकाळपर्यंत झगडले. एकवीस कोडी उघडली. बाकीची नावं दिसायची, पण आत काही नव्हतं.

मी बाबांना खरं ते सांगितलं. कॉपी मी ठेवली नाही, चूक माझी, हेही सांगितलं. ते म्हणाले, "असू दे गं. म्हातारपणाचे चाळे होते." आणि खिडकीतून बाहेर बघत बसले. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

आई दारात उभी होती. "काय झाला तेका?" तिने विचारलं. घाबरली की तिच्या तोंडी मालवणी येते. मी सांगितलं. ती आत गेली आणि कपाटावरून एक जाडजूड गठ्ठा घेऊन आली. कागदांवर पीठ होतं. एका बाजूने कोरे होते म्हणून झटकून ठेवले होते, टाकून कशाला द्यायचे, एवढंच ती म्हणाली.

मी गठ्ठा उलटा केला. सगळी बाबांची कोडी होती. आणि सोडवलेली. पेन्सिलीने, तिच्या गोल अक्षरात, खाडाखोडीसकट. दळताना धान्य अडकू नये म्हणून घंटीपाशी बसून राहावं लागतं, त्या वेळात, बाबा तिच्याकडे पाठ करून पडद्यात बुडालेले असताना, ती एकेक कोडं सोडवायची आणि मग तोच कागद खाली अंथरायची.

बाबा बराच वेळ पानं उलटत राहिले. हे कधी सांगितलं का नाहीस, असं त्यांनी विचारलं. आई म्हणाली की सांगितलं असतं तर तुम्ही उत्तरं तपासत बसला असतात. हे इतकं खरं होतं की मी हसले, आणि हसता हसता माझे डोळे भरले.

गठ्ठ्याच्या खालच्या बाजूला एक कोडं अर्धंच सोडवलेलं निघालं. बाबांनी ते पुढे धरलं. "हे का सोडलंस? एवढं कठीण नव्हतं."

"त्या दिवशी तुम्हाला दुसऱ्यांदा अॅडमिट केलं," आई म्हणाली. "मग त्याला हात लावावासा वाटला नाही."

बाबांनी चष्मा पुसला. मग टेबलावरची पेन्सिल डाव्या हाताने तिच्याकडे सरकवली आणि स्वतः उठून तिला खुर्ची दिली. ती सोडवत होती तोवर ते मागे उभे राहिले, आणि सगळी उत्तरं माहीत असूनही एक अक्षर बोलले नाहीत.